डुकराने सही केली नव्हती

माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी बंदूक कधीच दाखवायचं नाही. बाकावर बसायचं, यंदा काजूला मोहोर कसा आहे ते सांगायचं, मुलीला बघायला कुठून कोण आले होते ते सांगायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग उठता उठता, आत्ताच आठवल्यासारखं करून, गोणपाटातून बंदूक बाहेर काढायचं. "मेस्तानू, जरा बघा हां, अडाकता." मलाही घाई नसायची. ज्याला बंदूक दाखवायची घाई आहे त्याला काडतूस देताना दहादा विचार करावा, हे मी फौजेतच शिकलो होतो.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. फौजेत अठरा वर्षं आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. लढणारे वेगळे, आम्ही त्यांच्या रायफलींची नाकं पुसणारे. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी मी पेन्शन घेतली. मेव्हणा डिचोलीच्या बाजारात होता, त्याने शेजारचा गाळा मिळवून दिला. सरकारी परवाना काढला आणि बंदुकांच्या दुरुस्तीचं आणि काडतुसांचं दुकान थाटलं. लोकांनी मला हवालदारसाहेब म्हणावं अशी फार इच्छा होती. कुणी म्हटलं नाही. इथे हातात पटाशी असो की पेचकस, कारागीर तो मेस्त. मीही मेस्त झालो आणि अजून आहे.

त्या काळी पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळत असे, आणि शेतात घुसलेला रानडुक्कर मारायलाही मुभा होती. पुढे वन्यजीवांचा कायदा आला आणि ते सगळं बदललं. पण तेव्हा पेडणे आणि डिचोली महालांत ज्याचं म्हणून डोंगराला लागून शेत, त्याच्या घरात ठासणीची नाहीतर दुनळी बंदूक असायचीच. एखाद्याकडे पोर्तुगेजांच्या वेळची शिकारी रायफल. आणि एकूणएक बंदुकांना पाजलेलं खोबरेल तेल! अहो, डोक्याला खोबरेल, देवाच्या समईला खोबरेल, तसं बंदुकीलाही. थंडी पडली की ते आत थिजायचं आणि खटका हलायचा नाही. दर पौष महिन्यात पाचपन्नास माणसं माझ्याकडे रडत यायची. मी बंदूक उन्हात ठेवायचो, घटकाभराने पुसून परत द्यायचो, आणि ते म्हणायचे, मेस्ताच्या हातात जादू आहे. धंदा म्हटल्यावर मी तरी कशाला सांगू!

कारापूरची एक विधवा म्हातारी नवऱ्याची ठासणीची बंदूक सरकारजमा करायची म्हणून घेऊन आली. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मी सवयीने नळीत गज घातला, तर तो वीतभर बाहेरच राहिला. म्हटलं, "आजये, ही भरलेली आसा!" "आसतलीच," म्हातारी म्हणाली. "आमचो घोव लय सावध माणूस. रिकामी बंदूक घरात ठेवूची नाय, असा म्हणायचो." अकरा वर्षं ही बाई त्या भरलेल्या बंदुकीखाली बसून तांदूळ निवडत होती. दारू भिजवून, ठासलेलं सगळं उकरून काढेपर्यंत मी दोन सदरे घामाने भिजवले.

अशी माणसं पुष्कळ आली. पण लिहायला बसलो तेव्हापासून डोळ्यांपुढे उभा आहे तो कोरगावचा सगुण परब. त्याच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते मी आजवर घरच्यांखेरीज आणि कोरगावकरांखेरीज कुणाला धड सांगितलेलं नाही.

त्याआधी गोळीची गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं काडतूस. त्याच्या टोकाला बसवलेला शिशाचा तुकडा, जो नळीतून सुटतो, ती गोळी. फौजेच्या गोळीत शिसं नुसतं नसतं, वरून तांब्याचं कवच असतं, अगदी नाकापर्यंत. ती माणसाला लागली तर शक्यतो आरपार जाते. फुलं घेऊन जाते असं नाही, माणूस तिनेही मरतोच. पण दुसरी एक गोळी असते. तिच्या नाकावर कवच नसतं, शिसं उघडं असतं. ती अंगात शिरली की शिसं पसरतं, छत्रीसारखी गोळी उघडते आणि आतलं मांस, हाड, जे वाटेत येईल ते फाडत जाते. शिकारी तिला सॉफ्ट नोज म्हणतात. लढाईच्या भाषेत तिचंच नाव दमदम.

हे दमदम म्हणजे कलकत्त्याजवळचं आपलंच गाव. इंग्रजांचा तिथे दारूगोळ्याचा कारखाना होता. सरहद्दीवरचे पठाण एक साधी गोळी लागूनही धावत अंगावर येतात, म्हणून इंग्रजाने गोळीचं नाक उघडं केलं. मग युरोपातले देश हेगला जमले आणि त्यांनी ठरवलं की ही असली गोळी लढाईत चालायची नाही. शिपाई जखमी झाला, लढाईतून बाद झाला, पुरे. त्याच्या मांडीचा चिखल करून कुणाचा फायदा होत नाही. इंग्रज मात्र कुरकुरत राहिला. सुधारलेल्या माणसांसाठी कायदा ठीक आहे, म्हणे, रानटी माणूस साध्या गोळीने थांबत नाही. रानटी म्हणजे कोण, हे वाचकांनी ओळखलंच असेल. शेवटी त्यालाही गप्प बसावं लागलं.

हा धडा मला पुस्तकातून मिळाला नाही. मी नवा होतो, सरहद्दीवर एका ठाण्यात होतो. माझ्या शेजारी झोपणारा एक जवान समोरून आलेल्या गोळीने गेला. जेवताना माझ्या ताटातली मिरची उचलून खाणारा माणूस. मी वेडा झालो. माझी पाच काडतुसं काढली आणि दगडावर एकेका गोळीचं नाक घासून तांबं काढून टाकलं, शिसं दिसेपर्यंत. आर्मररच मी, मला कोण शिकवणार होतं? आमचे उस्ताद पंजाबी, वयस्क, बोलायचे कमी. त्यांनी ती काडतुसं बघितली. मला वाटलं, आता कोर्टमार्शल. त्यांनी एक थोबाडीत दिली आणि विचारलं, "दुश्मन की माँ अलग रोती है क्या?" मग ती पाचही काडतुसं माझ्या डोळ्यांदेखत निकामी केली. वर काही कळवलं नाही.

त्या दिवशी मी शपथ घेतली, की असली गोळी पुन्हा हाताला लावणार नाही. शपथ चांगलीच होती. पण ती कुठे लागू आणि कुठे नाही, एवढी अक्कल तिच्याबरोबर आली नाही.

डिचोलीत दुकान टाकलं तेव्हा मी रायफलीची कवचाचीच काडतुसं ठेवली. सॉफ्ट नोज मागायला कुणी आलं की त्याला बाकावर बसवून हेगचं प्रवचन द्यायचो. माणसं ऐकून घ्यायची. आमच्याकडची माणसं भिडस्त, दुकानदाराच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. मला वाटायचं, काय छान समजावलं!

सगुण परब त्यातलाच. चाळिशी ओलांडलेला, उंच, बोलणं हळू. बापाने पोर्तुगेजांच्या वेळी घेतलेली रायफल त्याच्याकडे होती. कोरगावात डोंगराच्या पायथ्याशी भाताचं शेत, वर काजूचं भाट, म्हणजे बाग. धाकटा भाऊ विठू आणि तो एकाच घरात, एकाच चुलीवर. सगुणने लग्न केलं नव्हतं. विठूची बायको शेवंता दोघांना वाढायची. कोरगावात सगुणच्या नेमाबद्दल म्हणायचे की तो नारळ सांगून पाडतो. त्यात मीठमसाला असेल, पण त्याची रायफल बघितली की कळायचं. तिला खोबरेल कधी लागलं नव्हतं.

त्या वर्षी भात निसवलं होतं आणि डुकरांनी धुमाकूळ घातला होता. सगुण दुकानात आला, बाकावर बसला, पण मोहोराचं वगैरे काही बोलला नाही. सरळ म्हणाला, "मेस्तानू, माका मऊ नाकाची होयी. ही तुमची सुयेसारखी आरपार जातत. माका डुकराक भोक पाडूचा नाय, आडवो पाडूचो आसा."

मी सुरू झालो. "सगुण, ती गोळी लढायेतसुद्धा चलणा नाय. जगातल्या देशांनी सहयो करून बंद केल्यानी हा."

सगुणने सगळं ऐकून घेतलं. मग डोकं खाजवून विचारलं, "देशांनी केल्यानी, बरा झाला. डुकरान केली काय सही?"

मी हसलो. तोही हसला. आणि तरी मी त्याला कवचाचीच काडतुसं दिली. वर म्हटलं, "नेम बरो आसलो काय कसलीय गोळी चलता." भिडेने त्याने घेतली. म्हापशाच्या दुकानात त्याला हवी ती मिळाली असती, पण मी एवढं समजावल्यावर दुसरीकडे जाणं त्याला बरं दिसलं नाही. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी, सकाळी उजाडताना, भाताच्या बांधावर भलामोठा डुक्कर आला. सगुणने तीस पावलांवरून बार काढला. डुक्कर दचकला, वळला आणि काजूच्या भाटात पळाला. सगुण तिथे जाऊन बघतो तर रक्ताचा एक थेंब नाही. गवतावर नाही, पानावर नाही. त्याने भाटाच्या कडेकडेने बराच माग काढला. काही नाही. घरी येऊन म्हणाला, "चुकलंय."

आमच्याकडे शिकारीचा एक नियम आहे आणि तो कुठल्याही सरकारने केलेला नाही. जनावर जखमी झालं तर बार काढणाऱ्याने गावात ओरडून सांगायचं, आणि त्याच्यामागे जायचं. जखमी डुक्कर रानात ठेवून घरी जेवायला बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाणंदीत साप सोडण्यासारखं. सगुणला वाटलं नेम चुकला, म्हणून तो ओरडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी विठू भाटात लाकडं आणायला निघाला. निघताना भावाला विचारून गेला, "दादा, वर जाव मा?" सगुण म्हणाला, "जा. डुकर डोंगरापलीकडे गेलो." विठू करवंदीच्या जाळीपाशी वाकला आणि जाळीतून डुक्कर बाहेर आला. सुळ्याने मांडी गुडघ्यापासून वर उसवली.

माणसं ओरड ऐकून धावली. डुकराला काठ्या-कोयत्यांनी तिथेच मारला. विठूला खुर्चीवर बसवून सडकेपर्यंत नेलं आणि सकाळच्या कारेरीने, म्हणजे तेव्हाच्या बसने, म्हापशाच्या इस्पितळात. डॉक्टरांनी पाय वाचवला. लंगडणं मात्र त्याच्या नशिबाला लागलं ते लागलंच.

आणि गावात चर्चा सुरू झाली. मेलेल्या डुकराच्या फऱ्यात, म्हणजे खांद्यात, गोळीचं भोक होतं. म्हणजे नेम चुकला नव्हता! मग सगुण "चुकलंय" का म्हणाला? जखमी डुकरामागे जायची छाती झाली नाही म्हणून? इथवर ठीक होतं. पण घरात जमिनीच्या वाटणीचं बोलणं निघालेलं होतं, आणि तोंडाला कुलूप कोण घालणार! कुणी म्हणालं, भावाला तिथे पाठवलं कुणी ते बघा. ते शेवंताच्या कानावर गेलं. नवरा इस्पितळात तापाने फणफणलेला, अशा वेळी बाईला काय खरं आणि काय खोटं! तिने दिराशी बोलणं टाकलं. त्याचं ताट ओटीवर ठेवायची आणि पाठ फिरवून आत जायची.

हे सगळं मला सगुणनेच सांगितलं. रायफल घेऊन तो दुकानात आला. बाकावर बसलाच नाही. "ही ठेवा तुमच्याकडे," म्हणाला. "विकलात तर विका, नायतर खाडयेत टाका. माझ्या हातान आता बार जावचो नाय."

मी विचारलं, "भोक केदा होता?"

त्याने करंगळीचं टोक दाखवलं. "ह्या बाजून बोराएवढा. त्या बाजूनय बोराएवढा. मेस्तानू, देवाशपथ सांगतंय, रगात नव्हता. थेंब नव्हता. मी कसा सांगतलंय, जखमी झालो म्हणान?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. अगदी सगळं. नेम बरोबर फऱ्यात बसला होता. कवचाची गोळी न उघडता आरपार गेली, डुकराच्या चरबीने दोन्ही भोकं आतून बुजवली आणि रक्त बाहेर आलंच नाही. सॉफ्ट नोज असती तर डुक्कर बहुतेक तिथेच बसला असता, निदान रक्ताचा माग तरी सोडून गेला असता. लढाईत जी गोळी दया म्हणून देतात तीच जनावराला दिली की ते तीन दिवस तळमळतं आणि भलत्याचाच जीव घ्यायला उठतं. शिकाऱ्याला सॉफ्ट नोज देतात ती त्याच्यासाठी नव्हे, जनावरासाठी. कुठल्याही शिकाऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट अठरा वर्षं बंदुका खोलणाऱ्या मला ठाऊक नव्हती, कारण मी फक्त माणसांवर झाडायच्या बंदुका खोलल्या होत्या.

हे मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. रायफल ठेवून घेतली आणि म्हटलं, "बघूया, सगुण, मन शांत होऊ दी." तो मान खाली घालून गेला.

का नाही सांगितलं? दुकानाचं नाव जाईल म्हणून. परवान्याची चौकशी लागेल म्हणून. आणि खरं सांगायचं तर इतक्या लोकांना बाकावर बसवून प्रवचनं दिली होती, ती सगळी गिळायची म्हणून. तीन आठवडे मी गप्प राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं. कुणी कोरगावचं नाव काढलं की मी उगीच पेचकस शोधायला लागायचो.

एका दुपारी जेवताना बायकोने आमटीचा वाडगा बाजूला सरकवला. "तीन आठवडे भात चिवडतास," म्हणाली. "काय झाला ता सांगा, नायतर उद्यापासून हाटेलात जावा." मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, समजूत काढेल. ती म्हणाली, "तुमी फौजेत होतास मा? मगे इतके भियाळे कसे?"

मी ताट सरकवून उठलो.

दुसऱ्याच दिवशी कळलं की येत्या सोमवारी कोरगावात देवाला कौल लावणार आहेत. म्हणजे मूर्तीला ओल्या कळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली की एक उत्तर, डावी पडली की दुसरं. प्रश्न असा, की सगुणने जाणूनबुजून लपवलं काय. सगुण त्याला कबूल झाला होता. देव काय उत्तर देणार होता ते मला माहीत नाही, पण माझ्या चुकीपायी देवाला साक्षीला उभं करणं मला सोसवेना. मी म्हापशाला गेलो. ज्या दुकानाला मी आजवर नावं ठेवली होती तिथून सॉफ्ट नोज काडतूस घेतलं. दुकानदार नको तितकं गोड हसला. मी ते हसणं मुकाट्याने घेतलं.

सोमवारी सकाळी कोरगावच्या देवळापाशी पोहोचलो तर गाऱ्हाणं सुरू झालेलं. घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा, हात जोडून म्हणत होता, "बा देवा म्हाराजा, ह्या गावात ह्या दोगा भावांमदी जा काय वाकडा झाला आसात..." आणि सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" विठूला खुर्चीवर आणून बसवलं होतं, पाय फळीवर लांब केलेला. शेवंता त्याच्यामागे उभी. सगुण लांब, चिऱ्याच्या गडग्याला टेकून, एकटा.

मी गोणपाट खांद्यावर टाकून सरळ मध्ये गेलो. मानकरी ओरडला, "मेस्ता, गाराणा मोडू नको!"

"देवाक मगे इचारा," मी म्हटलं. "आधी माका इचारा."

मग मी बोललो. सगुणने काय मागितलं होतं, मी काय दिलं, का दिलं, सगळं सांगितलं. हेगचंही सांगितलं. मानकऱ्याला काही ते पटेना. "मेस्ता," तो म्हणाला, "गोळी ती गोळी. लागली काय लागली. रगात येवचा नाय असा खय झाला हा?"

म्हटलं, नुसत्या बोलण्याने होणार नाही. देवळाखालच्या शेतात, मातीच्या उंच मेरेला, म्हणजे बांधाला, टेकवून, घड काढलेल्या केळीचे दोन जाड गाभे उभे करवले. माणसांना मागे उभं केलं. सगुणची रायफल काढली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने हात मागे घेतला. "नको, मेस्तानू. तुमीच मारा."

मी मारू शकलो असतो. पण मी मारून काय उपयोग? लोकांना मेस्ताचा नेम बघायचा नव्हता. मी रायफल तशीच धरून उभा राहिलो.

तेव्हा खुर्चीवरून विठू म्हणाला, "दादा, घे बंदूक. मार."

सगुणने भावाकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, असं मागाहून लोक म्हणाले. मग त्याने रायफल घेतली. मी आधी कवचाचं काडतूस दिलं. बार झाला. गाभा नुसता थरथरला आणि उभाच राहिला. सगळे जवळ गेले. पुढून बोराएवढं भोक, मागून तेवढंच, आणि रस जेमतेम ओघळलेला. शेवंता पुढे आली, तिने भोकात करंगळी घालून बघितली आणि काढून घेतली.

मग दुसरं काडतूस. हा बार झाला आणि दुसरा गाभा मधून मोडून पडला. पुढे तसंच लहान भोक, पण मागची बाजू फुटून चिंध्या झालेल्या, पाणी धो धो गळत होतं. म्हातारेकोतारे वाकून वाकून बघू लागले. दोन्ही गोळ्या एकाच उंचीवर, बरोबर मध्यावर लागल्या होत्या.

"सगुणचो नेम चुकलो नव्हतो," मी म्हटलं. "तो खोटाय बोललो नाय. रगात येवचा नाय अशी गोळी मी दिलंय तेका. चूक माझी."

शेवंता माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "मेस्तानू, शत्रूची दया इली तुमका. आमची नाय इली?"

हेगला जमलेल्या देशांचं चुकलं असं मी कधीही म्हणणार नाही. माणसावर ती गोळी झाडू नये म्हणजे नये, ही माझी शपथ अजून तशीच आहे. पण त्या बाईच्या नवऱ्याची मांडी मी त्या शपथेपायी बळी दिली, हेही तितकंच खरं. मी हात जोडले आणि मान खाली घातली.

मानकऱ्याने घाडीकडे बघितलं. कौलाची गरज उरली नव्हती, पण सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं कसं सोडणार? घाडी माणूस हुशार. त्याने पुन्हा हात जोडले आणि तिथल्या तिथे शब्द बदलले, "बा देवा म्हाराजा, ह्या दोगा भावांचा सगळा सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या डिचोलीच्या मेस्ताक, गोळये देवच्या आधी, चार लोकांचा आयकाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो. माणसं खो खो हसली. शेवंताही हसली असावी, कारण तिने तोंडाला पदर लावला.

लोक पांगायला लागले. सगुण रायफल हातात घेऊन तिथेच उभा होता, घरी जावं की कुठे जावं हे न कळल्यासारखा. शेवंता त्याच्यासमोर गेली. पदर नीट केला.

"भावोजीनू, जेवूक चला," ती म्हणाली. "भात निवता."

सगुणने दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यायचा प्रयत्न केला, पण हातात रायफल होती. ती मी घेतली. चाळिशीचा तो उंच माणूस सगळ्या गावादेखत हुंदके देऊन रडला. शेवंता मला म्हणाली, "तुमीय चला, मेस्तानू. उपाशी धाडूची आमची रीत नाय."

खुर्ची उचलायला दोघंतिघं पुढे झाले. विठूने त्यांना हाताने थांबवलं.

"तुमी नको," तो म्हणाला. "दादा, माका तू घे."

सगुणने डोळे पुसले, भावापुढे पाठ करून खाली बसला, आणि त्याला पाठीवर घेऊन उठला. विठूचा लांब केलेला पाय शेवंताने हाताने सावरून धरला. तिघं मेरेवरून घराकडे चालू लागले आणि मी रायफल घेऊन त्यांच्यामागून.